मोजणीबाईची बॅग

आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत, हे अकरा वर्षं त्या घरात राहूनही मला ठाऊक नव्हतं. वरची खोली भाड्याने घ्यायला आलेल्या स्पॅनिश पोरीने ते पहिल्याच दिवशी सांगितलं. ती सगळं मोजायची. ताटातल्या पुऱ्या, कुकरच्या शिट्ट्या, माझ्या शिंका. माझ्या बायकोने, शुभाने, आठवड्याभरात तिचं नाव मोजणीबाई ठेवलं. अर्थ कळल्यावर ती खूश झाली आणि त्याच नावाला ओ देऊ लागली.

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावाजवळच्या युनिव्हर्सिटीत ती शिकायची आणि त्यांच्या टीममधून गोल्फ खेळायची. "मोजत असले की घाबरायला वेळ मिळत नाही," असं ती म्हणे. खेळायच्या आधी बॅगेतले क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, दोनदा मोजायची, कारण चौदापेक्षा एक जरी जास्त निघाला तरी दंड बसतो. मीही ऑफिसातल्या लोकांच्या नादाने गोल्फ शिकत होतो, म्हणजे गवत उपटत होतो. शनिवारी तिचा कॅडी म्हणून बॅग उचलायला जायचो, तेवढ्यावर मित्रांत मोठा जाणकार ठरलो होतो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

डिग्री झाली आणि तिने प्रोफेशनल व्हायचं ठरवलं. स्पेनमधल्या वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. जमलं नाही तर परत यायचं आणि त्यांच्या दुकानात बसायचं. पहिली स्पर्धा आमच्याच भागात होती. बॅग उचलायला तिने मलाच विचारलं. "काका, माझी बॅग तुम्ही ओळखता," ती म्हणाली.

त्या सकाळी शुभाने तिच्या हातावर दही-साखर ठेवली. मैदानावर ती क्लब मोजायला वाकली, तर मी ऐटीत म्हणालो, "अगं, आता तू प्रो झालीस. काउंट करणं कॅडीचं काम. तू फक्त खेळ."

ती थबकली. "मोजले तुम्ही?"

"मोजले."

मोजले नव्हते. बायकोला आयुष्यभर न बघताच "दार लावलं" म्हणत आलो, त्यातलाच तो होकार.

दुसऱ्या होलनंतर तिला बॅगेत माझा जुना क्लब दिसला. आदल्या संध्याकाळी अंगणात तिच्याकडून शिकताना मीच तो आळसाने तिथे खोचला होता. सोबतच्या खेळाडू पुढे गेल्या होत्या. मी पुटपुटलो, "राहू दे, कोणी बघितलं नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला मान वर करवेना. मग तिनेच हात वर करून पंचांना बोलावलं. चार फटक्यांचा दंड.

"क्लब मोजले होते कोणी?" पंचांनी विचारलं.

"बॅग माझी आहे," ती म्हणाली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बॅगेचा पट्टा सारखा करत राहिलो. दुसऱ्या दिवशी अवघे दोन फटके जास्त झाले म्हणून ती स्पर्धेबाहेर गेली.

घरी शुभाने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "एक क्लब जास्त निघाला. मोजायला विसरली." मोजणीबाई जिन्यात उभी आहे, हे मला बोलून झाल्यावर दिसलं. शुभा तिला चिडवत म्हणाली, "मोजणीबाई, आणि मोजायलाच विसरली होय!" तेवढं मराठी तिला कळायचं. ती हसली आणि वर गेली.

दोन आठवड्यांनी ती पुढच्या स्पर्धांसाठी निघाली. गाडीपाशी तिने सगळे क्लब ओळीने मांडले आणि मोठ्याने मोजले. मग म्हणाली, "काका, आता तुम्ही मोजा." मी एकेकाला हात लावून मोजले. चौदा. माफी ओठांवर आली होती. मी म्हणालो, "वाटेत गाडीत गॅस भरून घे."

ते वर्ष संपलं. ती आता वडिलांच्या दुकानात बसते. एका स्पर्धेने काही तसं होत नाही, असं मी स्वतःला समजावतो, पण पटत नाही. नाताळला तिचं कार्ड आलं. आमची खुशाली विचारून तिने लिहिलं होतं, "तेरा पायऱ्या कशा आहेत?" मी उत्तर पाठवलेलं नाही.

गणपतीला घरी माणसं जमली की शुभा मोजणीबाईचा किस्सा सांगते. मोजायला कोण विसरलं, हे तिला अजून ठाऊक नाही. यंदाही सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.