सुट्टीवर येणारे साहेब

जिमखान्याच्या जिन्यात एका इंग्लिश काउंटी संघाचा जुना फोटो आहे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. काल दादाची शोकसभा आटोपल्यावर मी त्याच्यापाशी थांबलो. मागच्या रांगेत कडेला उभ्या असलेल्या उंच गोलंदाजाकडे बोट दाखवून दादा मला सांगायचा, "हा पगारी. मे महिन्याच्या गारठ्यात यानं खांदा दुखेस्तोवर गोलंदाजी करायची, आणि ऑगस्टात ऊन पडलं की विद्यापीठातले हौशी साहेब सुट्टीवर यायचे. मग याला बसवायचे. दोन-तीन मोसमांत संपला बिचारा."

तिकडे ती रीतच होती, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आपल्याकडचे साहेब गेले, रीत राहिली. दादा वर्षभर नेटमध्ये घाम गाळायचा आणि स्पर्धेच्या तोंडावर जिमखान्याच्या चिटणीसांचा पुतण्या पुण्याहून सुट्टीला येऊन त्याच्या जागी खेळायचा. दादा पॅड सोडत हसून म्हणायचा, "आपल्याकडे ऑगस्ट मे महिन्यातच येतो."

काल तेच चिटणीस, आता काठी टेकत, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"फार गुणी खेळाडू," ते म्हणाले. "पण नशिबात नव्हतं हो."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओशाळलेपणाची एखादी रेघ दिसली असती तरी मला भांडता आलं असतं, किंवा क्षमाही करता आली असती. पण त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. ते खोटं बोलत नव्हते.