विभूतीच्या डब्यातले बेडूक

मन्मथअप्पांनी आयुष्यात मासा खाल्ला नाही. मारलाही नाही. हे मी आजही कुणापुढेही सांगेन.

जिंतूरच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज हळू. गिऱ्हाइकाला भांडं वाजवून दाखवायचे आणि त्याचा नाद विरेपर्यंत बोलायचे नाहीत.

मी बी.ए. होऊन तिथल्या एका शाळेत तात्पुरता शिक्षक म्हणून लागलो होतो. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. खोली मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग तोंडाकडे बघत बसायचे. अप्पांनी एवढंच विचारलं, "खोलीत मासे-मटन रांधनार न्हाई ना?"

"नाही."

"मग या ऱ्हायला, मास्तर."

मी आपण होऊनच सांगितलं, आम्ही गंगाखेडचे भोई.

"मंजी नदीकाठचे," ते म्हणाले. "लय बरं झालं."

का बरं झालं, ते पावसाळा सरल्यावर कळलं. एका रविवारी त्यांनी मला येलदरीला सोबत नेलं. हातात भांड्यांचं गाठोडं. येलदरीच्या बाजारात भांडी विकायला जातो, असं घरी सांगितलेलं. एका ओळखीच्या हॉटेलात गाठोडं ठेवलं आणि आम्ही धरणाच्या कडेकडेनं चालत गेलो. झुडपांआड अप्पांनी धोतर वर खोचलं, पिशवीतून एक पितळी डबा काढला आणि उघडून माझ्यापुढे धरला.

आत बेडूक होते. लाकडाचे. हिरवी पाठ, पिवळं पोट, लालभडक तोंड.

नाद कसा लागला तेही त्यांनी सांगितलं. वीजघरातल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं जुनी भांडी मोडीत काढली. त्यात एक पत्र्याचा मासा निघाला, पोटाखाली गळ असलेला. अप्पांनी घंगाळात पाणी भरून तो दोऱ्यानं ओढून पाहिला. मासा वळवळला.

"तिथंच बिगडलो बगा, मास्तर."

मग ते स्वतः करायला लागले. दुकानातल्या मोडक्या चमच्यांची दांडी कापून पाण्यात लकाकणारे मासे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बेडूक, त्यांना सायकलच्या ट्यूबचे पाय. पाय कातरून द्यायची त्यांची मुलगी, महानंदा. तिला त्यांनी विश्वासात घेतलं होतं. शिवम्माकाकूंना, म्हणजे बायकोला, नाही.

मरळ मासा पाणगवताच्या कडेला दबा धरून असतो. तिथं जिवंत बेडकी गळाला टोचून टाकायची रीत. अप्पांना ते सहन होत नसे. म्हणून लाकडाची बेडकी. गवतापलीकडे टाकायची, थोडी ओढायची, थांबवायची, पुन्हा ओढायची. मरळ अशी येई की पाणी फुटल्याचा आवाज व्हायचा. अप्पा तिला काठाला आणत, हात ओले करून धरत, गळ काढत आणि सोडून देत. गळाच्या टोकामागचा उलटा काटा त्यांनी कानशीनं घासून टाकलेला असे.

जाळी टाकणारे मुंजाजीमामा हे सगळं बघायचे आणि गप्प राहणं त्यांना जमायचं नाही.

"अप्पा, आज किती माशांनी दर्शन घेतलं?"

"तिघांनी."

"अन् परसाद न्हाई दिला?" मग माझ्याकडे वळून, "मास्तर, ह्येंचं कसं हाय, जेवायला बसायचं, ताटाला नमस्कार करायचा अन् उठायचं."

अप्पा हसायचे. त्या काठावर ते जसे हसायचे तसे दुकानात कधी हसले नाहीत.

मला माझ्या वडिलांनी जाळ्याला हात लावू दिला नव्हता. पुस्तकाला लाव म्हणाले. मासा हातात कसा धरायचा ते मला अप्पांनी शिकवलं. गळ कसा काढायचा तेही. "ओढायचं न्हाई. ज्या वाटंनं आत गेला त्याच वाटंनं मागं आनायचा. घाई केली की फाटतं."

परत आल्यावरचं काम मला जास्त आवडायचं. बेडूक स्वच्छ पाण्यानं धुवायचे, सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले तर रबर मऊ पडून रंगाला चिकटतं. गळांना खोबरेल तेलाचं बोट. प्रत्येक टोकावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची चिमुकली टोपी. प्रत्येक बेडूक वेगळ्या फडक्यात. डब्यात खडूचा तुकडा, ओल धरू नये म्हणून. आणि तो डबा देवघरात. दुकानातून आणलेल्या एकसारख्या दोन डब्यांपैकी खालच्या फळीवर विभूतीचा, वरच्या फळीवर हा. देवघरातल्या वस्तूला आंघोळीशिवाय कुणी हात लावत नसे. काकूंना वाटे, त्यात मोठ्या स्वामींनी दिलेली जुनी विभूती आहे. त्या त्याला रोज हात जोडायच्या.

"पाप लागंल, अप्पा," मी एकदा म्हणालो.

"कुनाला? ती तर देवालाच नमस्कार करायलीय."

असे रविवार कितीतरी गेले. मला वाटायचं, या माणसाचं खरं आयुष्य मला ठाऊक आहे. बायकोला नाही, भावकीला नाही, मला.

मग महानंदाची सोयरीक जमली. पूर्ण्याचं घर. मुलगा रेल्वेत. मुलाचे वडील गुरुपादअप्पा कडक माणूस. बाहेरगावी पाणीसुद्धा घरचं घेऊन जाणारे. साखरपुड्याला त्यांनी आपल्या घरचे वृद्ध स्वामी आणले. आधी स्वामींची पाद्यपूजा, मग मुलीला कुंकू. अप्पांचं घर माणसांनी भरलं होतं. मी दाराशी उभा होतो, लागेल ते द्यायला.

स्वामींनी विभूती मागितली. अप्पांची बहीण शांतम्मा सोनपेठहून आली होती. ती सोवळ्यात होती, म्हणून तीच देवघरात गेली. तिला फळ्या ठाऊक नव्हत्या. तिनं वरचा डबा आणला.

स्वामींचे डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. त्यांनी झाकण काढलं आणि सवयीनं बोटं आत घातली. आदल्या रविवारी बस चुकेल म्हणून आम्ही घाई केली होती. वरच्या बेडकाला फडकं नव्हतं, गळाला टोपी नव्हती.

स्वामी कळवळले. हात बाहेर आला तो बोटाला बेडूक लोंबकळत. डबा कलंडला. स्वामींना द्यायला ठेवलेल्या पांढऱ्या धोतरजोडीवर हिरवे-पिवळे बेडूक पसरले. एक पोरगी किंचाळली.

गुरुपादअप्पांनी बेडूक पकडला आणि ओढणार तेवढ्यात मी म्हणालो, "ओढू नका."

मी पुढे जाऊन बसलो. बोट धरलं. गळ दाबला, आत गेला त्याच वाटेनं मागे आणला. तो अलगद निघाला. रक्ताचा एक थेंब आला, तेवढाच.

"आलं की," स्वामी नवलानं म्हणाले. "लागलं बी न्हाई. पोरा, हाताला गुन हाय तुज्या."

कुणी हसलं नाही. गुरुपादअप्पा उभे राहिले होते.

"मासे धरायचं हाय हे. लिंगायताच्या देवघरात?"

बायकांनी पदर सावरले. पाटावर बसलेल्या महानंदाच्या ओटीतला नारळ घरंगळला, तो कुणी उचलला नाही. सोयरीक तिथंच मोडायला आली होती. मी अप्पांकडे पाहिलं. आता ते सांगतील, असं मला वाटलं. सांगितलं की मी साक्ष देणार होतो. एकही मासा मारला नाही, एकही काटा शिल्लक ठेवला नाही, जिवंत बेडकी टोचवत नाही म्हणून लाकडाची करतात. शब्द तयार होते.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मास्तरांचं हाय ते," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू. "आमच्या खोलीत राहतेत. ठिवा म्हनले घरात. म्या उघडून बघितलं न्हाई."

गुरुपादअप्पा माझ्याकडे वळले. "नाव काय तुमचं?"

"चंद्रभान."

"कुटले?"

"गंगाखेड."

"कोन लोक?"

मी अप्पांकडे पाहत होतो. "भोई," मी म्हणालो.

"मग बरोबर हाय," गुरुपादअप्पा म्हणाले. त्यांचा सगळा राग एका क्षणात उतरला. खाली बसलेसुद्धा. "नदीकाठचे हायेत. त्येंचा काय दोष? धंदाच त्यो. पन अप्पा, भाडेकरू बघून ठिवावा मानसानं."

"चुकलं आमचं."

"हात बी कसा सफाईनं चालला बगा," मागून कुणीतरी म्हणालं. "पिढीजात हाय."

मी महानंदाकडे पाहिलं. बेडकांचे पाय तिनं कातरलेले. ती ओटीकडे बघत राहिली. तिला दोष देता येत नाही. मी बोललो असतो तर तिचं लग्न मोडलं असतं. हे मला कळत होतं, आणि मला कळतं हे अप्पांना ठाऊक होतं.

अप्पांनी स्वतः खाली वाकून बेडूक गोळा केले. एकेक उचलताना ते गळाचं टोक बरोबर टाळत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. डबा माझ्या हातात दिला.

"तुमचं सामान घ्या, मास्तर. अन् खोलीचं आजच बगा."

देवघर धुऊन घेतलं. मग कुंकू लागलं.

मी बसस्टँडमागे एक खोली घेतली. अप्पा येतील, अशी वाट पाहिली. निदान निरोप येईल. लग्नाची पत्रिका शाळेतल्या सगळ्यांना आली, मला नाही. लग्न झालं, महानंदा पूर्ण्याला गेली. तिथं सगळं नीट चाललंय असं ऐकलं. आता काही मोडण्यासारखं उरलं नव्हतं.

म्हणून मी एका दुपारी डबा घेऊन दुकानात गेलो. बेडूक धुतले होते, वाळवले होते, प्रत्येकाला फडकं, प्रत्येक गळाला टोपी. अप्पा एकटेच बसले होते. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमचा डबा, अप्पा."

त्यांनी मला बसायला सांगितलं. पाणी विचारलं. शाळा कशी चाललीय विचारलं. डब्याकडे हात गेला नाही.

"ह्यो नाद सोडा आता, मास्तर," ते मायेनं म्हणाले. "शिकलेले हाव तुमी. जीव मारून काय मिळायलंय?"

मला वाटलं, कुणीतरी आलं असेल. मी मागे वळून पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. उन्हामुळे रस्ताही रिकामा होता.

"अप्पा," मी म्हणालो, "इथं आपण दोघंच आहोत."

"व्हय की," अप्पा म्हणाले, आणि दोन बोटांनी डबा माझ्याकडे सरकवला. "उचला. असलं चालत न्हाई आमच्यात."