चिन-येचं पाणी

काओशुंग शहरातून सायकलवर निघायचं, सगळ्या बेटाला प्रदक्षिणा घालायची आणि नवव्या दिवशी परत काओशुंगलाच यायचं, असा बेत होता. बारा जण होते, सात बायका आणि पाच पुरुष, सगळे साठीपुढचे. चिन-ये सहासष्टची. मागून सामानाची व्हॅन येई. जो व्हॅनमध्ये बसला त्याची प्रदक्षिणा मोडली, हा लान सरांचा नियम. सर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले होते आणि अजूनही सगळ्या जगाला सहावीचा वर्ग समजत.

त्यांचा दुसरा नियम पाण्याचा. दर वीस किलोमीटरला थांबायचं आणि आपली बाटली डोक्यावर उलटी धरायची. पाणी उरलं असेल तर ते आपल्याच हेल्मेटवर. "तहान लागल्यावर पिणारा आधीच उशीर करून बसलेला असतो!" सर ओरडत, आणि मग स्वतःच घाईघाईनं झुडपांमागे जात.

सात दिवसांत चिन-येच्या हेल्मेटवर एक थेंब पडला नव्हता. सर तिचं उदाहरण द्यायचे. पण ते पाणी तिच्या पोटात गेलंच नव्हतं. थांबा जवळ आला की ती जरा मागं राही आणि बाटली रस्त्याकडेला ओतून देई. ताइतुंगच्या पट्ट्यात दोन्ही अंगांना सीताफळाच्या बागा, तिथल्या झाडांची तर तिनं चंगळ केली. स्वतः दिवसभरात चार घोट. रात्री खोलीचं दार लावलं की मात्र घटाघटा पिऊन घ्यायची.

ही सवय आजची नव्हती. सोळाव्या वर्षी ती रेडिओच्या कारखान्यात लागली. तीस मुलींच्या रांगेला संडासला जायचा एकच लाकडी बिल्ला, आणि तो मिळाला तरी कामाचा फिरता पट्टा काही थांबत नसे. उठलेल्या मुलीच्या वाटचं काम शेजारणीनं करायचं. शेजारीण तोंडानं काही बोलायची नाही, पण दिवसभर तिचा चेहरा बघवत नसे. चिन-ये दोन महिन्यांत पाणी न पिता राहायला शिकली. पुढं लग्न झालं, नवऱ्याबरोबर सोयाबीनच्या दुधाची आणि भाताच्या गुंडाळ्यांची टपरी टाकली. पहाटेपासून गिऱ्हाइकांची झुंबड, टपरी सोडून जायचं कुठं? एकदा मूतखडा झाला. डॉक्टरांनी चांगली खरडपट्टी काढली. चिन-येनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जित्याची खोड, दुसरं काय.

आठव्या दिवशी शोउकाचा घाट होता. त्या दिवशी नेमका डोंगरावरून दावू भागातला कोरडा, भट्टीतल्यासारखा वारा सुटला. चौथ्या किलोमीटरला चिन-येच्या पोटरीत गोळा आला. पाचव्याला रस्ता डोळ्यांपुढे हलायला लागला, आणि ती सायकलसकट कठड्याला टेकली ती खालीच बसली.

सर धावत आले. "चिन-ये ताई, सकाळपासून किती प्यायलात?"

"सगळं. दाखवली ना मघाशी बाटली."

सरांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. "बाटली काहीही सांगू दे, हात खोटं बोलत नाही. व्हॅन बोलावतो."

"नको!" एवढ्या जोरात ती कधी बोलली नव्हती. "एक घाट राहिलाय, सर. सगळं आयुष्य मी या बेटाच्या एकाच कोपऱ्यात काढलं. उद्या घरी जाऊन काय सांगू, शेवटच्या घाटाला गाडीत बसले म्हणून?"

"मग खरं सांगा."

सगळे भोवती उभे. पुरुषसुद्धा. त्यांच्यासमोर बोलण्यापेक्षा घाट सोपा होता. "ओतून दिलं," ती पुटपुटली. "सीताफळांना."

कोणी हसलं नाही. एरवी पडत्याला टोमणा मारणारी सू-हुईसुद्धा बुटाची लेस बघत राहिली.

"प्यायलं की जावं लागतं. गेलं की सगळ्यांना थांबावं लागतं. माझ्या एकटीपायी अकरा जणांनी उन्हात ताटकळायचं? त्यापेक्षा तहान परवडली."

लान सर तिच्याशेजारी रस्त्यावरच बसले. "दर वीस किलोमीटरला मी काय तुमच्या बाटल्या बघायला थांबतो? माझं प्रोस्टेट सत्तर वर्षांचं आहे, ताई. तो थांबा माझ्यासाठी असतो."

आता मात्र सगळे हसले. सरांनी खारवलेलं आलुबुखार पाण्यात चुरून तिच्या हातात दिलं. "घोट घोट. तासभर सावलीत बसायचं. हात सुधारला तर चढायचं, नाहीतर व्हॅन."

"तासभर? सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

तो तास तिला घाटापेक्षा जड गेला. "तुम्ही व्हा पुढं," असं तिनं पाच वेळा म्हणून पाहिलं. कोणी हललं नाही. एकानं पपनस सोलून फोडी वाटल्या, दुसरा हेल्मेट उशाला घेऊन घोरायला लागला. आपल्यासाठी माणसं थांबली आहेत आणि कोणाचा चेहरा वाकडा झालेला नाही, हे तिला नवंच होतं. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. दोन बाटल्या पोटात गेल्या. सरांनी पुन्हा चिमटा घेतला, कातडी झटकन खाली बसली.

"चला," सर म्हणाले.

माथा तीन किलोमीटरवर असताना व्हायचं तेच झालं. वर पोचल्यावर बघू, असं तिनं जुन्या सवयीनं स्वतःला सांगितलं. पुढची दोन वळणं दात आवळून काढली. तिसऱ्या वळणाला मात्र तिला स्वतःचाच राग आला.

"सर, थांबा! मला जायचंय!"

आवाज डोंगरावर जाऊन परत आला. ब्रेक करकरले. रस्त्याकडेच्या घराच्या अंगणात डोंगरातल्या पैवान जमातीचा एक म्हातारा शेंगा सोलत बसला होता. त्यानं मान वर न करता परसातल्या संडासाकडे बोट दाखवलं.

ती बाहेर आली तर दारात चार बायका हेल्मेट हातात घेऊन रांगेत उभ्या. पहिली सू-हुई.

"बघतेस काय?" सू-हुई फणकारली. "पाचव्या दिवसापासून मी केळींना पाणी घालतेय."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू कुठं बोललीस?"

चिन-येनं चौघींची हेल्मेटं दोन्ही हातांत अडकवून घेतली. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, तशी सू-हुई दचकून आत पळायला लागली.

"सावकाश होऊ दे गं," चिन-ये म्हणाली. "थांबतील ते."