आधी कोण खोकलं?

ती कामाला होती ते कापडाचं दुकान बंद पडलं आणि तिला हे काम मिळालं, तेव्हा ते काय आहे हे तिला नवऱ्यालाही धड समजावता आलं नव्हतं. सर्दी-तापाचा विषाणू कुणाला चटकन गाठतो आणि कुणाच्या वाटेला जात नाही, याचा अभ्यास चालला होता. तिने घरोघर जाऊन कापसाची काडी लोकांच्या नाकात फिरवायची आणि विचारायचं, एका खोलीत किती जण झोपता, खिडकी उघडते का, घरात कुणी सिगारेट ओढतं का, झोप पुरी होते का. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव पाडलं, नाकवाल्या बाई.

लोक दार किलकिलं करून बोलायचे. ज्यांनी पोटभाडेकरू ठेवले होते, ते घरात माणसं किती याबद्दल ताकास तूर लागू देत नसत. सासू म्हणे, दुखणं सूनच बाहेरून आणते. सून नुसतीच जमिनीकडे बघे. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण इथे नाक मिळे, तोंड नाही. घरी नवरा ट्रकवर, सदा बाहेरगावी. थोरली नणंद तेवढी सोबतीला. पण वन्संनी तिचा कप वेगळा काढला होता. "गावभरचं घेऊन येतेस," त्या म्हणत, आणि ती आंघोळ करून येईपर्यंत जवळ फिरकत नसत.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे घड्याळवाले आजोबा. जिन्याखालच्या खोपटात ते घड्याळं दुरुस्त करत आणि मागच्या खोलीत एकटे राहत. डोळ्यावरचं भिंगही न काढता उत्तरं देत.

"खोकला?"

"नाही."

"घशात खवखव?"

"नाही म्हटलं ना." त्या दिवशी मात्र त्यांनी भिंग काढलं. "तू आत्ता कुठून आलीस?"

"वरच्या मजल्यावरून."

"तिथे कुणी आजारी?"

"पोराला ताप आहे."

"आणि त्याच्या आधीच्या घरात?"

तिने काडीचं पाकीट काढलं.

"म्हणजे तू रोग शोधत फिरतेस, की वाटत फिरतेस?"

तिने कसनुसं हसून काडी न वापरताच परत ठेवली आणि निघाली. पुढच्या आठवड्यात गेली तर आजोबा तापाने पडलेले. त्या दिवशी त्यांनी निमूट काडी फिरवू दिली. समोरच्या चाळीतली दोन घरंही खोकत होती. तिच्या मनात पाल चुकचुकली. ज्या ज्या घरी ती जाऊन आली, तिथे मागून खोकला आला होता. तिला आता स्वतःच्या प्रत्येक वस्तूचा संशय यायला लागला. पिशवीचा बंद, सहीसाठी दुसऱ्याच्या हाती दिलेलं पेन, प्रश्न ऐकू जावा म्हणून क्षणभर खाली ओढलेला मास्क. वन्सं एवढंच म्हणाल्या, "तुझा आवाज बसलाय गं." तिला वाटलं होतं, बोलून बोलून बसला असेल.

ती तडक अभ्यासाच्या डॉक्टरबाईंकडे गेली.

"थंडीत सगळेच आजारी पडतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही मास्क लावता, हात धुता. कशाला डोक्यात घेता?"

"पण माझं नाक कुणी तपासलंय का?"

"तुम्ही अभ्यासात नाही आहात."

"मग तपासेपर्यंत मी कुणाच्या दारात जाणार नाही."

डॉक्टरबाईंनी तिला नीट निरखलं. "काम नको झालंय का तुम्हाला?" तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ती जागची हलली नाही. शेवटी डॉक्टरबाईंनीच काडी उचलली.

निकाल आला. तिच्या नाकात विषाणू होता. चाळीतल्या घरांमधला आणि वरच्या मजल्यावरच्या पोराचा वेगळ्या जातीचा निघाला, पण घड्याळवाल्यांचा आणि तिचा मात्र एकच.

"म्हणजे मीच दिला," ती म्हणाली.

"किंवा त्यांनी तुम्हाला. दोघांचा सारखा आहे एवढंच यातून कळतं, आधी कुणाला झाला ते कळत नाही." डॉक्टरबाई थांबल्या. "पण तुम्ही गेलात तेव्हा त्यांना काही त्रास नव्हता, असं तुम्हीच लिहिलंय."

बरी होईपर्यंत ती घरात बसली. वन्सं ताट दाराशी ठेवून लगेच मागे सरत. मग एका सकाळी ती आजोबांकडे गेली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. ते पुन्हा घड्याळं घेऊन बसले होते. गालफडं पार बसली होती.

"माझ्यामुळे झालं असेल, आजोबा. सांगायला आले."

त्यांनी स्क्रू शोधायच्या निमित्ताने मान खाली घातली. मग म्हणाले, "तू आलीस ना, त्याच्या आदल्या दिवशीच माझा घसा धरला होता."

"मग 'नाही' का म्हणालात?"

"हो म्हटलं असतं तर उचलून दवाखान्यात नेलं असतं. आमच्या हिला असंच नेलं होतं, साध्या खोकल्यासाठी. परत आली नाही."

"आणि रोग वाटतेस म्हणालात, ते?"

"चोराच्या मनात चांदणं," आजोबा म्हणाले. "तू ओळखशील असं वाटलं, म्हणून तुझ्यावरच ढकललं."

तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी घरी परतताना ती एकच गोष्ट आठवत राहिली. आपला घसा नेमका कधी धरला? आजोबांकडे जायच्या आधी की नंतर? काही केल्या आठवेना. म्हणजे त्यांनी कबूल करूनही ती सुटली नव्हतीच.

तिने सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी आजोबांचं उत्तर दुरुस्त केलं आणि घरोघर फिरणाऱ्या सगळ्यांची नाकं दर आठवड्याला तपासायचं ठरवलं. "बाकीचे 'नाही' खरे कशावरून?" तिने विचारलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "तेच मला सतावतंय," म्हणाल्या.

काम पुन्हा सुरू झालं. चाळीतल्या एका दारात बाई म्हणाली, "आमच्यात सगळे ठणठणीत." तेवढ्यात पडद्यामागे कुणीतरी दाबून खोकलं. बाईने तिच्याकडे पाहिलं, तिने बाईकडे.

"कुणाला कुठे नेणार नाही," ती म्हणाली, आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. "तुम्ही बोला. मी थांबते."