पप्पा गाडीखाली नव्हते

माझे पप्पा आज सकाळी वारले. गाडीखाली दबून नाही.

ग्रुपवर फिरतंय ते मी वाचलं. "सस्ते औज़ार के चक्कर में जान गई."
ज्यांनी ते पुढे पाठवलं, त्यांनी कृपया हे पण पाठवा.

गॅरेज लालबागला आहे. पप्पा तिथे नव्हतेच, गावात शनवारा भागात हार्डवेअरच्या काउंटरवर उभे होते. हार्ट अटॅक, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं.

हो, पप्पा जुगाड करायचे.
सस्पेन्शनचा रबरी बुश काढायचं कंपनीचं टूल महाग असतं. पप्पा आटेवाला लांब रॉड, नट, जाड वॉशर आणि पाईपचा तुकडा आणायचे. नट आवळत गेलं की बुश गुपचूप बाहेर.

हार्डवेअरवाले शेठ चिडवायचे, "काय भाऊ, आज कोणाच्या गाडीत नळ बसवताय?"
"पाणी गळालं तर तुमच्याकडेच पाठवतो, शेठ."

रॉड घेण्याआधी पप्पा नट बोटाने फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचे. कुठे अडकला तर रॉड परत. मागे गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो.

आज शेठ मला म्हणाले, "बेटी, नट आधे तक आया था. मग हात थांबला. मला वाटलं आटे खराब आहेत. मी दुसरा रॉड काढायला वळलो."

एवढंच.

पण स्प्रिंग दाबायला आणि गाडी उचलून धरायला त्यांनी कधी जुगाड केला नाही.

"पप्पा, हे पण रॉडनेच होईल ना?" मी एकदा विचारलं होतं.
"होईल. पण तुटला तर स्प्रिंग तोंडावर येईल. बुश बिघडला तर दुसरा भेटतो, बेटा."

घरात शाळा शिकलेली मीच पहिली. उचललेली गाडी टेकवायचे नवीन स्टँड आणले की खोक्यावरचं इंग्रजी मला वाचायला लावायचे. किती टन झेलतो?
मी सांगितलं की म्हणायचे, "परत वाच."

सकाळी फोनवर कोणीतरी नुसतं "गॅरेज... तुमचे पप्पा..." म्हणालं आणि रडायला लागलं. तुमच्या मनात आलं तेच माझ्याही मनात आलं.

म्हणून दवाखान्यातून मी आधी गॅरेजला गेले. मम्मी घरी वाट बघत होती, तरी.

धूलकोटच्या एका काकांची गाडी अर्धी उघडलेली होती. पुढून दोन्हीकडे स्टँड. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवलेलं, म्हणजे स्टँड घसरला तरी गाडी चाकावर टेकेल.

मी बंपर धरून ढकललं. गाडी हलली नाही.

पप्पांकडे काम शिकलेले एक भाऊ आत्ता दारात विचारत होते, "ताई, लोग ऐसा बोलेंगे तो आमच्याकडे गाडी कोण देईल?"

त्यांच्याकडे गाडी द्या. त्यांना पप्पांनी शिकवलंय.

पप्पा, तुमच्या कामात चूक नव्हती. मी स्वतः बघून आले.
निश्चिंत जा आता.

तुमची मुलगी