बाजेशेजारची लोखंडी खाट

माझं पहिलं लेकरू कुठे निजेल, हा प्रश्न दोन शहाण्या पुरुषांनी सोडवायला घेतला तेव्हा मला सातवा महिना होता. एक माझे वडील, अमडापूरचे मोठे खातेदार. दुसरे माझे यजमान, मलकापूरचे वकील. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं तसं कारणही नव्हतं. मी फक्त त्या लेकराशेजारी निजणार होते.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून मी अमडापूरला आले होते. हे मलकापुरातून पत्रं लिहीत, ती वडिलांच्या नावानं. सासऱ्याच्या घरी बायकोच्या नावानं पत्र धाडणं तेव्हा चावटपणात जमा होई. वडील ओसरीवर बसून पत्र मोठ्यानं वाचत आणि मी दाराआड उभी राहून ऐके. शेवटच्या ओळीत ‘घरातील मंडळी खुशाल असतील’ असं असे. ती मंडळी म्हणजे मी.

त्या दिवशीचं पत्र लांबलचक होतं. मलकापुरात कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसचा गोरा मॅनेजर विलायतेला परत निघाला होता. त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा यांनी तिथे तान्ह्या मुलाची एक लोखंडी खाट पाहिली आणि फूटपट्टीनं मोजून पक्की केली. ‘सुधारलेल्या देशांत मूल आईच्या अंथरुणात निजवीत नाहीत,’ यांनी लिहिलं होतं. ‘झोपेत आईच्या अंगाखाली ते दडपण्याचा संभव असतो. आईच्या पलंगास लागून मुलाची स्वतंत्र खाट ठेवणे हेच शास्त्रीय होय.’ हे सगळं यांनी एका चोपड्यात वाचलं होतं. आमच्या सासूबाईंनी नऊ लेकरं कुशीत घेऊन वाढवली होती, त्यांतलेच हे एक; पण स्वतः न दडपता वकिलीपर्यंत कसे पोचले, याचा खुलासा पत्रात नव्हता.

वडिलांनी पत्राची घडी केली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. राग आला की ते तसं करीत.

“माह्या लेकीच्या लेकराले पाळणा माह्या घरातून जाईन,” ते म्हणाले. “लोखंडाच्या पिंजऱ्यात निजवाले थे काय वाघाचं पिल्लू हाय?”

दुसऱ्याच दिवशी चिखलीहून सुतार आला. सागाच्या फळ्या गोठ्यात वर्षभर वाळत पडल्या होत्या, त्या बाहेर निघाल्या. पाळण्याला राघू किती लावायचे, यावर वडिलांनी अख्खी सकाळ घालवली. सुतार चार म्हणाला, वडील आठ म्हणाले. म्हातारा सुतार सगळ्याला मान डोलवी. मग पाण्याचा तांब्या घेऊन मी बाहेर आले, तेव्हा त्यानं मला विचारलं, “बाई, तुमी कोन्या कुशीवर निजता? अन् हात कुठंवर पोचते तुमचा?”

“काऊन बे!” वडील ओरडले. “बाईमानसाले काय इचारून राह्यला?”

सुतार ओशाळला आणि खाली मान घालून रंधा मारू लागला. त्या तीन महिन्यांत बाळाच्या अंथरुणाबद्दल कामाचा असा तो एकच प्रश्न विचारला गेला, आणि तो असभ्य ठरला.

आठही राघू झाले. माझ्या आईनं ते जवळून पाहिले, मग लांबून पाहिले, आणि म्हणाली, “कोंबड्या बऱ्या जमल्या हायेत.”

मला मुलगी झाली. वडील म्हणाले, “बरं, बरं. राघू राहू द्या.” यांना तार गेली. दहाव्या दिवशी हे आले ते माझ्या नणंदेला घेऊन आणि ती खाट सर्विस मोटारीच्या टपावर बांधून. चिखलीपासून पुढे खाट आणि नणंद बैलगाडीत आणि हे मागून चालत, कारण गाडीत तिघांना जागा नव्हती. आल्यावर यांनी दारातून मुलीला पाहिलं आणि म्हणाले, “मुलगा काय, मुलगी काय, मला सारखंच.” तोंड मात्र असं, की या कोर्टात निकाल विरुद्ध गेला तरी वर अपील आहेच.

खाट दिसायला सुरेख होती, खोटं कशाला बोलू. पांढरा रंग, गोल गोल दांड्या, पायांना चार चाकं. पण ती विलायती पलंगाच्या मापाची. बाळंतिणीची बाज असते गुडघ्याएवढी, खाली शेगडी ठेवता यावी अशी. खाट शेजारी उभी केली, तर माझं लेकरू माझ्या डोक्याच्याही वर. त्याचं तोंड पाहायचं तर मला उठून उभं राहावं लागे.

खाटेचे पाय कापू द्यायला हे तयार नव्हते. “मूळ बनावट बिघडेल,” म्हणाले. मग शास्त्रीय उपाय निघाला: खाट खाली येत नाही, तर बाज वर न्यावी. बाजेच्या चारी पायांखाली विटा रचल्या. बाज वर गेली तशी शेगडीची धग पोचेना, म्हणून शेगडीही विटांवर चढली. ज्वारीच्या शेतात पाखरं राखायला माळ्यावर बसावं तशी मी दहा दिवसांची बाळंतीण आढ्याजवळ जाऊन बसले. उतरायचं तर दोन बायांनी धरावं लागे. चढताना एकदा बाज कलली आणि मला वाटलं, आता लेकरासकट शेगडीवर जाते. मी रडले. हे ओसरीवरून म्हणाले, “सवय होईल.”

आमची सुईण म्हातारी, तोंडाची फटकळ. तिनं ते सगळं कमरेवर हात ठेवून पाहिलं. खाट सरकवली की तिची चाकं सारवलेल्या भुईत रुतत आणि मागे चार चऱ्या पडत.

“वकीलसायेब,” ती म्हणाली, “वावर चांगलं नांगरलं तुमी. आता पेरा.”

हे पुण्याला कायदा शिकले होते आणि येताना तिकडची भाषा घेऊन आले होते. ‘मले-तुले’ त्यांच्या तोंडी येत नसे. आमच्या घरात तर ते मुद्दाम एकेक शब्द धुऊन बोलत. सुईणीला त्यांनी शांतपणे समजावलं, “आजीबाई, ही बाजू अशी खाली सोडता येते. मग आईला हात लांबवून मुलीला घेता येतं. बघा हं.” त्यांनी खटका दाबला. बाजू सरकली नाही. त्यांनी वाकून जोर लावला, तशी ती धाडकन खाली आली, ती यांच्या चार बोटांवर.

“अवं माय वं! मेलो वं माय!” हे ओरडले. पुणं कुठल्या कुठे गेलं.

सुईण म्हणाली, “हाव, आता समजलं कशी चालते थे.” आणि माझी लेक उचलून तिनं माझ्या कुशीत दिली. बोटांना हळद लावताना माझ्या आईनं जावयासमोर तोंड गंभीर ठेवलं. तिचे खांदे मात्र हलत होते.

बाराव्या दिवशी बारसं. पाच सवाष्णी आल्या, घुगऱ्या शिजल्या, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की मुलीला घालायचं कशात ते ठरलेलंच नाही. वडिलांनी पाळणा आणून मधल्या घरात टांगला होता. यांनी त्याच्याखालीच खाट आणून लावली होती. ओसरीवर वाद सुरू झाला.

“बारसं पाळण्यात होते. आजवर खाटेत झालं काय कोनाचं?” वडील म्हणाले.

“आजवर झालं नाही म्हणून होऊ नये, असा कायदा नाही,” हे म्हणाले.

“अवो पण हलते काय थे? पाळणा म्हनाचा अन् हलवाचं काय?”

“हलवणं मेंदूला अपायकारक असतं.”

“मंग आमचे मेंदू हलले म्हना!”

त्या काळी वऱ्हाड कागदावर निजामाचं होतं आणि कारभार नागपुरातून चाले. माझ्या लेकीचं तसंच झालं. मुलगी कागदावर यांच्या घराण्याची आणि तूर्त कारभार माझ्या वडिलांचा. दोघेही तहाच्या अटी घालत बसले. चुलते आले, शेजारचे दोघं आले, सगळ्यांना मतं होती. मग गोष्ट पाळण्यावरून नावावर गेली, कारण वडिलांच्या मनात एक नाव होतं आणि यांनी मलकापूरहून दुसरं आणलं होतं. आत मुलगी भुकेनं रडत होती. तिचं मत कुणाला ऐकू येत नव्हतं.

माझी नणंद माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तोवर आमचं फारसं जमत नव्हतं. ती मला आळशी समजे आणि मी तिला खाष्ट. तिनं ओसरीकडे एकदा पाहिलं, मग सुईणीला म्हणाली, “झोळी बांध व माय.”

सुईणीनं माझं एक जुनं लुगडं घेतलं, वरच्या तुळईला दोन गाठी मारल्या आणि टांगलेला पाळणा हातानं आणि खाट पायानं बाजूला सारली. मुलीला पाजून झोळीत घातली. बाया पाळणा म्हणू लागल्या, तो मुद्दाम हळू आवाजात. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. नणंद वाकली, मग थांबली आणि माझ्याकडे वळून कुजबुजली, “वहिनी, तुले कोनतं पाह्यजे?”

मी बारा दिवसांची बाळंतीण, आणि लग्नाला चार वर्षं झालेली. मला काय पाहिजे हे त्या चार वर्षांत प्रथमच कुणी विचारत होतं. मी तिला जवळ ओढलं. मग मी सांगितलं. तिनं ते मुलीच्या कानात सांगितलं आणि बायांनी माझ्या पाठीत हळूच बुक्क्या मारल्या.

नणंद घुगऱ्यांचं ताट घेऊन ओसरीवर गेली. “दादा, घ्या. नाव ठेवून झालं.”

“झालं? कोणतं? कशात?” हे उठून उभे राहिले. “अजून काही ठरलं नव्हतं!”

“तुमचं ठरू द्या सावकाश,” ती म्हणाली. “घुगऱ्या थंड होऊन राह्यल्या.”

वडिलांनी यांच्याकडे पाहिलं, यांनी वडिलांकडे. दोघांचाही पराभव झाला म्हटल्यावर दोघांनाही बरं वाटलं असावं. त्या दिवशी सासरा-जावई प्रथमच एका पंगतीत शेजारी बसून पोटभर जेवले.

तीन महिन्यांनी मी मलकापूरला आले. पाळणा वडिलांनी माझ्याबरोबर दिला, पण आमच्या भाड्याच्या घरात तो टांगायला कडी नव्हती. तो वर्षानुवर्षं भिंतीला टेकून उभा होता. खाटेला मात्र यांनी पलंगाशेजारी जागा केली. पलंग यांचा. म्हणजे पलंगावर हे, शेजारी ती शास्त्रीय खाट, आणि खोलीत तिसरी जागा न उरल्यामुळे दाराकडच्या भुईवर सतरंजी टाकून मी आणि मुलगी. मूल आईच्या अंगाखाली दडपेल ही काळजी यांना होती, ती पहिल्या आठवड्यात मुलगी दोनदा रडल्यावर संपली. “तिला तुझ्याकडेच घे,” म्हणाले. “मला उद्या केस आहे.”

पाहुणे आले की मात्र हे आधी आत येऊन हळूच सांगत, “तिला खाटेत ठेव.” मी ठेवी. मंडळी खोलीत येत. हे खटक्यापासून चार बोटं दूर उभं राहून सगळी माहिती सांगत. मंडळी माना डोलवत. ती चहाला बाहेर गेली की मी मुलीला उचलून घेई.

अशानं खाटेची कीर्ती गावभर झाली. स्टेशनवरच्या बाबूंच्या घरी बाळंतपण होतं, ते खाट मागून घेऊन गेले. महिन्यानं परत आली. “फार उपयोगी,” ते म्हणाले. मग दवाखान्यातले डॉक्टर घेऊन गेले. तीन आठवड्यांत परत. “उत्तम चीज आहे,” म्हणाले. मग आणखी एक वकील, मग एक अडत्या. प्रत्येक घरी ती वाजतगाजत जाई आणि मुकाट्यानं परत येई, नि रंगाचा टवकाही उडालेला नसे. बायका मला हळदीकुंकवाला भेटत, तेव्हा मीही सांगे, “हो, फार सोय होते.” का सांगे, कोण जाणे. भुईवर निजते म्हणून सांगायची लाज वाटे. त्यांनाही वाटत असणार. आम्ही सगळ्या एकमेकींशी खोटं बोलत होतो, आणि पुरुष आमच्या साक्षी काढून ती खाट पुढच्या घरी धाडत होते.

शेवटी अबकारी खात्यातल्या एका इन्स्पेक्टरनं ती नेली आणि त्याची बदली यवतमाळला झाली. सामानाबरोबर खाटही गेली. हे चिडले, नोटीस द्यायची भाषा करू लागले. मी त्याच आठवड्यात बाजारातून सुताची एक रुंद बाज विणून आणवली आणि रिकाम्या जागेवर टाकली. तेव्हा दुसऱ्या खेपेला मला मुलगा झालेला होता. एका अंगाला मुलगी, एका अंगाला मुलगा आणि मधे मी. यांनी बाजेकडे पाहिलं आणि पलंगावर जाऊन निजले.

सहा महिन्यांनी यवतमाळहून त्या इन्स्पेक्टरच्या बायकोचं पत्र आलं, माझ्या नावानं. तिनं आधी खाट नेल्याबद्दल माफी मागितली होती. मग लिहिलं होतं: ‘लेकरू तिच्यात एक घटकाही राहिलं नाही. पण ताई, यंदाच्या उन्हाळ्यात मी तिच्यात धोतर पसरून कुरडया वाळवल्या. उंच असल्यानं शेळ्या पोचत नाहीत, खालून वारा लागतो, आणि ऊन फिरेल तशी ती चाकांवर सरकवता येते. अशी सोयीची वस्तू मी दुसरी पाहिली नाही.’

इतक्या घरांतून फिरून आलेल्या त्या खाटेबद्दल खरं लिहिणारी ही पहिलीच बाई. मी पत्र दोनदा वाचलं आणि डब्यात ठेवून दिलं. हे कचेरीतून आल्यावर मी एवढंच म्हणाले, “यवतमाळहून पत्र होतं. खाट फार कामाला आली, म्हणतात.”

“येणारच,” हे कोट काढत म्हणाले. “मी आधीपासून सांगत होतो.”