तळाचं औषध

रोह्यात महिपती कंपाउंडरला सगळे 'हलवादादा' म्हणायचे. औषधाची बाटली देताना तो आधी स्वतः खळाखळा हलवी, मग पेशंटला तीनदा हलवायला लावी, आणि तेव्हाच जाऊ देई.

"अहो, हे खोकल्याचं सरबत हाय," वरसे गावचा जनू एकदा कुरकुरला. "साखरेचा पाक. याच्या तळाला काय बसणार?"

"काय नाय बसत. तरी हलव."

महिपतीला ते काय ठाऊक नव्हतं? सरबतात औषध विरघळलेलं असतं; पहिला चमचा तसाच शेवटचा. टिंक्चर स्पिरिटातलं, बूच सैल राहिलं की उडतं. पण काही चूर्णं पाण्यात विरघळतच नाहीत. घटकाभर तरंगतात आणि तळाशी जाऊन बसतात. वर राहतं ते नुसतं पाणी.

हे सारं तो रोह्याला येण्याआधी पेणच्या एका दवाखान्यात शिकला. तिथे त्याच्या अक्षराचं भारी कौतुक. प्रत्येक बाटलीवर डोसांच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी, आणि खाली मोत्यासारखी चिठ्ठी: 'हलवून घ्यावे'. एवढं देखणं लिहिल्यावर तोंडाने काय सांगायचं?

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात मिठागरावरची हौसा आपल्या एकुलत्या लेकीला, पुतळीला घेऊन आली. चार वर्षांची पोर, रक्ताची हगवण. डॉक्टरांनी सल्फाचं मिश्रण लिहून दिलं. महिपतीने पूड खलली, बाटली भरली, चिठ्ठी डकवली. मागे रांग लागलेली.

"दिवसातून चारदा, गो," एवढंच तो बोलला.

आठव्या दिवशी हौसा परत आली. एकटीच. बाटली तिने राखेने घासून लख्ख केली होती, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. पट्टी, चिठ्ठी, काहीच उरलं नव्हतं.

"पुतळी कशी हाय?"

"गेली, दादा." तिने बाटली टेबलावर ठेवली. "तुमच्या औषधाला मी नाव ठेवत नाय. मी पण कसूर केली नाय हो. आमच्याकडचं पाणी गढूळ. हंडा हलू द्यायचा नाय, वरचं निवळ प्यायचं, गाळ फेकायचा. तशीच बाटली जपली. कुणाला धक्कासुद्धा लावू दिला नाय. निवळ तेवढं पाजलं. खालचा पांढरा गाळ टाकला. आजारी लेकरू, त्याच्या पोटात घाण कशाला?" मग तिने मान वर केली. "बरोबर केलं ना मी?"

चूक महिपतीची होती. पायावर डोकं ठेवून ती कबूल करावी असं त्याला वाटलं. पण आपली चूक सांगायची, तर तिच्या हातून काय घडलं तेही तिला कळणार होतं.

"बरोबर केलंस, हौसा."

"मग तिचंच आयुष्य तेवढं," ती म्हणाली. पदराने तोंड पुसून उन्हात चालू लागली.

महिन्याभरात महिपतीने पेण सोडलं. ती बाटली तेवढी बरोबर नेली.